जनुकांची ग्रंथालये

ग्रंथालय म्हटले की पुस्तकांची कपाटे डोळ्यांसमोर येतात. जीवशास्त्रज्ञांचे एक ग्रंथालय मात्र काही परीक्षानळ्यांत मावते. एखाद्या सजीवाच्या डी.एन.ए.चे तुकडे करून प्रत्येक तुकडा वाहक डी.एन.ए.ला जोडतात आणि जीवाणूंत सोडतात. जीवाणूंची वाढ होते तशा त्या तुकड्यांच्याही असंख्य प्रती तयार होतात. अशा तुकड्यांच्या संग्रहास डी.एन.ए. ग्रंथालय म्हणतात.

दोन प्रमुख प्रकार

पहिला प्रकार जीनोम ग्रंथालयाचा. यात सजीवाचा संपूर्ण डी.एन.ए. समाविष्ट असतो. मानवी जीनोममध्ये सुमारे ३०० कोटी बेस-जोड्या आहेत. लॅम्डा विषाणू हा वाहक सुमारे २० हजार, तर कॉस्मिड सुमारे ४० हजार जोड्यांचा तुकडा सामावून घेतो. साहजिकच मानवाच्या संपूर्ण संग्रहासाठी लाखो तुकडे लागतात.

दुसरा प्रकार सी-डी.एन.ए. ग्रंथालयाचा. पेशीत ज्या जनुकांचे कार्य चालू असते, त्यांचेच संदेशवाहक आर.एन.ए. तयार होतात. १९७० साली हॉवर्ड टेमिन व डेव्हिड बाल्टिमोर यांनी शोधलेल्या विकराच्या साहाय्याने या आर.एन.ए.वरून पुन्हा डी.एन.ए. बनविता येतो. जनुकाच्या मध्ये येणारे, प्रथिनाची माहिती नसणारे भाग, म्हणजेच इंट्रॉन, त्यात नसतात. जीनोम ग्रंथालय सर्व पेशींसाठी जवळजवळ सारखेच असते, सी-डी.एन.ए. ग्रंथालय मात्र यकृताचे वेगळे आणि मेंदूचे वेगळे असते.

हिमोफिलियाचे उदाहरण

हिमोफिलिया-ए या आनुवंशिक विकारात रक्त गोठविणारे ‘घटक ८’ हे प्रथिन पुरेसे नसते. त्यामुळे किरकोळ जखमही घातक ठरू शकते. पूर्वी हे प्रथिन रक्तदात्यांच्या रक्तद्रवातूनच मिळवावे लागे. १९८० नंतरच्या वर्षांत अशा दूषित औषधांतून अनेक देशांतील हजारो रुग्णांना एड्सच्या विषाणूची बाधा झाली. रक्तावर अवलंबून नसलेले औषध ही जीवनमरणाची गरज होती.

१९८४ साली अमेरिकेतील संशोधकांनी या प्रथिनाचे जनुक मिळविले. प्रथिनाच्या ज्ञात अंशावरून डी.एन.ए.चा छोटा शोधक तुकडा बनवून त्यांनी प्रथम जीनोम ग्रंथालय धुंडाळले. जनुक १ लाख ८६ हजार बेस-जोड्यांचे निघाले. त्याचे २६ एक्झॉन दूरदूर विखुरलेले होते. एवढे लांब जनुक एका वाहकात मावणारे नव्हते. मग सी-डी.एन.ए. ग्रंथालयातून सुमारे ९ हजार बेसांचा सलग संदेश जुळविण्यात आला. तो प्राण्यांच्या पेशींत घातल्यावर त्या पेशी ‘घटक ८’ तयार करू लागल्या. अशा औषधास अमेरिकेत १९९२ साली मान्यता मिळाली.

जनुकाची रचना समजून घ्यावयाची असेल तर जीनोम ग्रंथालय आणि प्रथिन निर्माण करावयाचे असेल तर सी-डी.एन.ए. ग्रंथालय उपयोगी पडते. हिमोफिलियाच्या रुग्णांना सुरक्षित औषध मिळण्यासाठी मात्र दोहोंचीही गरज भासली.