हिवताप : ताप उतरला तरी गाफील राहू नका

गेल्या पावसाळ्यात धानोरा भागातील एका बापाने बेशुद्ध मुलाला खाटेवर टाकून माझ्याकडे आणले. "काल तर ताप उतरला होता, डॉक्टरसाहेब," तो म्हणाला. इथेच फसगत होते. ॲनाफिलिस डासाच्या मादीने चावताना सोडलेले परजीवी आधी यकृतात वाढतात, मग तांबड्या रक्तपेशींत शिरतात. साधारण ४८ तासांत त्या पेशी फुटतात आणि हुडहुडी भरून ताप येतो. परजीवी नव्या पेशींत शिरले की ताप उतरतो. रोग मात्र वाढतच असतो. आपल्याकडे प्रामुख्याने आढळणाऱ्या फॅल्सिपेरम जातीमुळे मेंदूच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबू शकतात. तो मुलगा वाचला. सगळेच वाचत नाहीत. म्हणून ताप येताच आशाताईंकडून रक्त तपासून घ्या, गोळ्या पूर्ण घ्या आणि मच्छरदाणीतच झोपा.