पायांच्या भेगांसाठीं सिद्ध तेल

भाताची कापणी आटोपून रब्बीच्या कामास आरंभ होतो, तोंच कोरडा वारा सुटतो व अनवाणी वावरणाऱ्या शेतकऱ्याच्या टाचा फुटूं लागतात. भेग प्रथम केसाएवढी असते. पुढें तींत माती जाते, ती खोल होते, आणि ऐन कामाच्या दिवसांत माणूस लंगडूं लागतो. ज्याचे पाय अडले त्याचें शेत अडलें. यावर पाल्याचें तेल हा उपाय पुष्कळांस ठाऊक आहे; परंतु तें बिघडतें कां व टिकतें कसें, याचा विचार फारसा होत नाहीं. तोच येथें करावयाचा आहे.

आमच्या घरीं प्रथम तेल केलें तेव्हां कडुनिंबाचा ताजा पाला धुऊन तसाच तिळाच्या तेलांत बुडविला व बरणी उन्हांत ठेवली. पंधरा दिवसांनीं पाहावें तों वर बुरशीचा पापुद्रा व तळाशीं आंबूस वासाचें पाणी. सर्व तेल टाकून द्यावें लागलें. दोष तेलाचा नव्हता कीं पाल्याचा नव्हता. दोष पाण्याचा होता. हिरव्या पाल्यांत निम्म्याहून अधिक भाग पाण्याचाच असतो. निव्वळ तेलांत बुरशी वाढत नाहीं. तिला पाण्याचा आश्रय लागतो.

जुन्या वैद्यांची रीत या दोषास जागा ठेवीत नाहीं. शार्ङ्गधरसंहितेंत कल्क, म्हणजे वाटलेली चटणी, एक भाग, तेल चार भाग व काढा सोळा भाग असें प्रमाण आहे. एवढें पाणी घालून पुन्हां आटवावयाचें कशासाठीं, अशी शंका येईल. त्याचें कारण असें कीं, पाणी असेपर्यंत भांड्यांतील उष्णता पाण्याच्या उकळीपुढें फारशी जात नाहीं, व पाला न जळतां त्याचा अंश तेलांत उतरतो.

कृति : कडुनिंबाचा ८०० ग्रॅम स्वच्छ पाला ३ लिटर २०० मिलिलिटर पाण्यांत उकळून चौथा हिस्सा, म्हणजे ८०० मिलिलिटर, काढा उरवावा व गाळावा. ३० ग्रॅम पाला व २० ग्रॅम हळद एकत्र वाटून कल्क करावा. मग २०० ग्रॅम तिळाचें तेल, कल्क व काढा हीं तिन्ही थंड असतांनाच जाड बुडाच्या, कल्हईच्या अथवा स्टेनलेस स्टीलच्या मोठ्या पातेल्यांत एकत्र करून मंद आंचेवर ठेवावीं. तापलेल्या तेलांत ओला जिन्नस कदापि टाकूं नये. तेल उसळून अंग भाजतें. कल्क तळाशीं लागूं नये म्हणून वरचेवर ढवळावें. तांब्याचें उघडें भांडें घेऊं नये. त्याच्या स्पर्शानें तेल लवकर खवट होतें.

परीक्षा : पाणी आटत आलें म्हणजे तेलावर फेंस येतो. कल्काचा कण काढून निवूं द्यावा व बोटांत वळून पाहावा. त्याची वात वळली पाहिजे. ती वात चुलीपासून दूर नेऊन दिव्याच्या ज्योतींत धरावी. तडतडली तर पाणी शिल्लक आहे. निमूट जळली तर तेल सिद्ध झालें. या क्षणीं पातेलें उतरावें, कारण पाणी सरतांच उष्णता झपाट्यानें चढते व कल्क करपतो.

साठवण : तेल कोमट असतां कोरड्या फडक्यानें गाळून रात्रभर स्थिर ठेवावें. पाणी राहिलें असल्यास तें तळाशीं बसतें; वरचें तेल तेवढें ओतून घ्यावें. बाटली धुऊन उन्हांत पूर्ण वाळविलेली असावी. ती गळ्यापर्यंत भरावी, तारीख लिहावी व अंधाऱ्या जागीं ठेवावी. आंत बोटें घालूं नयेत. खवट वास आल्यास तें तेल त्वचेस लावूं नये.

उपयोग : रात्रीं पाय कोमट पाण्यानें धुवावे, पुसावे, व कातडी किंचित् ओलसर आहे तोंच टाचांस पातळ हात द्यावा, वर जुने सुती मोजे घालावे. तेल लावून फरशीवर चालूं नये, पाय घसरतो. या तेलाचा मुख्य गुण म्हणजे कातडींतील ओलावा कोंडून ठेवणें. प्रथम कोपराच्या आंतील बाजूस थेंबभर लावून एक दिवस पाहावें; खाज वा लाली आल्यास वापरूं नये.

आतां मर्यादा. पावसाळ्यांत बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, तेथें हें तेल लावूं नये. तेथें ओल मुळांत जास्त असते. पाय धुऊन कोरडे ठेवणें हाच तेथील उपाय. रक्त येणारी खोल भेग, पू, सूज, अथवा मधुमेही माणसाचा पाय असेल तर तेलावर विसंबून न राहतां डॉक्टरांकडे जावें, व धनुर्वाताची लस घेतली आहे कीं नाहीं तें विचारावें. हें तेल पोटांत घेण्याचें नव्हे. निंबोळीचें तेल निराळें; तें मुलांच्या पोटांत गेल्यास जिवावर बेततें, म्हणून दोन्ही बाटल्या मुलांच्या हातास लागूं देऊं नयेत.

थंडी पडण्यापूर्वीं एक सवडीचा दिवस काढून हें तेल करावें, व भेग केसाएवढी असतांनाच लावण्यास आरंभ करावा.