गणपती खणीत का?

कोल्हापूरची पंचगंगा पुढे इचलकरंजीवरून जाते आणि नरसोबावाडीला कृष्णेला मिळते. वरच्यांनी नदीत टाकलेले खालच्यांच्या घागरीत येते. 2012 साली इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसे दगावली. अशी कावीळ पिण्याच्या पाण्यात मैलापाणी मिसळल्याने पसरते. तिथे गणपतीचा काही दोष नाही. पण नदी एकच ना!

शाडूची मूर्ती पाण्यात विरघळते. प्लास्टरची तशीच तळाला राहते. म्हणून कोल्हापुरात आता पुष्कळ मंडळे इराणी खणीत विसर्जन करतात. घाटावर स्वयंसेवक निर्माल्य मागून घेतात. त्याचे खत होते.

आमच्यातल्या म्हाताऱ्या आधी रागावल्या. “देव काय डबक्यात सोडायचा?” म्हणाल्या. उन्हाळ्यात पाणी उतरले, तेव्हा काठावरचे मोडके हात, सोंडा आम्ही त्यांना दाखवल्या. त्या गप्प झाल्या. पुढल्या वर्षी शाडूचा गणपती त्यांनीच आणवला.