‘वय झालं’ म्हणण्याआधी

पन्नाशी ओलांडलेल्या बायका एकत्र जमल्या की बोलणं फिरून फिरून गुडघ्यांवर येतं. मग कंबर, झोप, विसरभोळेपणा. शेवटी कुणीतरी म्हणतंच, “चालायचंच, वय झालं आता.” तेवढ्यावर विषय मिटतो आणि दुखणं तसंच घरी परत जातं. मी आता त्रेसष्ट वर्षांची आहे. शाळेत शिकवण्यात हयात गेली. सासरी सासूबाईंचं आणि माहेरी वडिलांचं उतारवय फार जवळून पाहिलं, आणि आता तेच बदल माझ्या अंगी एकेक करून येत आहेत. म्हातारपणाची धास्ती मलाही वाटते. पण वयाचं म्हणून आपण जे जे सोसतो, त्यातलं खरोखर वयाचं थोडंच असतं. बाकीचं एक तर उपचार होण्यासारखं दुखणं असतं, नाहीतर शरीर न वापरल्याचा परिणाम. हे वेगवेगळं ओळखता येऊ लागलं तशी माझी धास्ती कमी होत गेली. जे कळलं ते इथे मांडते.

१. जे सगळ्यांनाच होतं, ते आधी माहीत करून घ्यावं

चाळिशीनंतर डोळ्याचं भिंग ताठर होत जातं आणि पेपर हातभर लांब धरावा लागतो. गाढ झोपेचा वाटा कमी होतो, पहाटे चारला टक्क जाग येते. दर दहा वर्षांनी उंची साधारण सेंटीमीटरभर घटते. ओळखीच्या माणसाचं नाव ओठावर येऊन अडतं आणि तासाभराने भाजी निवडताना आपोआप आठवतं. यातलं काहीच आजारपण नाही. चष्मा करावा, दुपारची झोप आवरती घ्यावी, सामानाची यादी लिहावी. किल्ली कुठे ठेवली हे विसरणं आणि किल्ली कशासाठी असते हे विसरणं यांत फार अंतर आहे. दुसऱ्या प्रकारचं विसरणं दिसलं, रोजच्या वाटेवर माणूस चुकू लागला, वर्षानुवर्षं करत आलेला स्वयंपाक जमेनासा झाला, तर मात्र थांबू नये.

२. पायांतली ताकद गेली की बाकी सगळं मागोमाग जातं

सासूबाई अठ्ठ्याहत्तरीत न्हाणीघरात पडल्या आणि उजव्या मनगटाचं हाड मोडलं. प्लॅस्टर निघालं, हात बरा झाला, पण पुन्हा पडायची भीती मनात बसली. त्यांनी अंगणात जाणं सोडलं, मग देवळात जाणं, मग स्वयंपाकघरातला वावरही. काही महिन्यांत पलंगावरून उठायलाही कुणाचा तरी हात लागू लागला. येणारेजाणारे म्हणत, “आता वयच तसं आहे.”

फिजिओथेरपिस्ट बाई घरी आल्या तेव्हा त्यांनी मनगटाकडे फार वेळ पाहिलंच नाही. भिंतीला टेकवून एक बिनचाकाची, दणकट खुर्ची ठेवली आणि म्हणाल्या, “आजी, हात छातीशी घडी करा आणि उठा बघू.” सासूबाईंना उठता येईना. मग बैठक उंच करायला खुर्चीवर दोन जाड उशा ठेवल्या. पाय किंचित मागे घ्यायचे, छाती पुढे झुकवायची, टाचांवर भार द्यायचा आणि उठायचं. बसताना धपकन न बसता सावकाश खाली यायचं. सकाळी पाच वेळा, संध्याकाळी पाच वेळा. आठवडे गेले तशी आधी एक उशी गेली, मग दुसरी. दिवाळीला त्या स्वतः उठून ओट्याशी उभ्या राहिल्या आणि चकल्यांचं मोहन कमी पडलंय हे त्यांनीच सांगितलं.

यामागचं कारण मी नंतर वाचलं. तिशीनंतर दर दशकाला स्नायूंचा तीन ते आठ टक्के भाग झिजतो आणि साठीनंतर हा वेग वाढतो. वापर नसेल तर फारच वाढतो. पण स्नायूंची वाढण्याची क्षमता शेवटपर्यंत टिकते. अमेरिकेत बोस्टनच्या एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या रहिवाशांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला, तेव्हा त्यांच्या पायांतली ताकद सरासरी दुपटीहून अधिक झाली. हा अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. इतकी जुनी गोष्ट आपल्या घराघरांत अजून पोचू नये याचं मला वाईट वाटतं. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला ‘आराम करा’ हाच सल्ला प्रेमाने दिला जातो.

चालणं चांगलंच, पण नुसत्या चालण्याने मांड्यांची ताकद पुरेशी राखली जात नाही. उठबस, जिन्याच्या पायऱ्या, ओट्याला धरून टाचा उचलणं, एका पायावर उभं राहणं, हेही हवं. गुडघे दुखतात म्हणून खाली बसता येत नसेल तर खुर्चीवर करावं. बी. के. एस. अय्यंगारांनी पुण्यात खुर्ची, दोर, लाकडी ठोकळे यांच्या आधाराने थकलेल्या, दुखऱ्या शरीरांनाही आसनं शिकवली. आधार घेण्यात कमीपणा नाही हे त्या पद्धतीतून शिकण्यासारखं आहे.

आणखी एक. साध्या पडण्याने हाड मोडलं तर ते हाड आधीच ठिसूळ झालेलं असण्याची शक्यता असते. तेव्हा हाडांच्या घनतेची तपासणी, म्हणजे डेक्सा स्कॅन, करण्याबद्दल डॉक्टरांना विचारावं. टी-स्कोअर उणे अडीच किंवा त्याहून खाली आला तर औषधं लागतात, आणि ती आहेत. मनगटाच्या वेळी लक्ष दिलं तर पुढे खुब्याचं हाड वाचू शकतं.

३. दात पडले की ताटातली डाळ कमी होते

हे मी दोन्ही घरांत पाहिलं. दाढा गेल्या की आधी उसळी बंद, मग भाकरी, मग शेंगदाणे. उरतो तो मऊ भात, दुधात कुस्करलेली पोळी, चहा-बिस्किट. पोट भरतं, पण प्रथिनं पोटात जात नाहीत, आणि मग केलेला व्यायामही अंगी लागत नाही. उतारवयात वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण एक ग्रॅम प्रथिनं हवीत. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टर सांगतील तेवढीच. आमच्याकडे मी घट्ट वरण, मुगाचं धिरडं, ताकातलं पिठलं, दही, मऊ उकडलेलं अंडं यांवर भर दिला. कवळी नीट बसत नसेल तर ती डबीत ठेवून देऊ नये, दंतवैद्याकडून बसवून घ्यावी.

४. ऐकू येतं पण कळत नाही, हेही कमी ऐकू येणंच आहे

माझ्या वडिलांना आकाशवाणीच्या बातम्या ऐकू यायच्या, शेजारच्या काकांचा भारदस्त आवाज ऐकू यायचा. नातीचं बोलणं मात्र कळायचं नाही. ती म्हणायची “साठ रुपये”, त्यांना ऐकू यायचं “आठ रुपये”. घरात सगळ्यांना वाटे की त्यांचं लक्ष नसतं. वय वाढतं तसे आधी उंच पट्टीचे आवाज जातात: लहान मुलांचे, बायकांचे, आणि स, श, फ अशी हलकी व्यंजनं. चार माणसं एकदम बोलू लागली की शब्दांची सरमिसळ होते. मग माणूस हसून मान डोलावतो आणि हळूहळू खोलीतच बसू लागतो.

कान तपासून श्रवणयंत्र घेतलं तर पहिल्याच दिवशी ते वैतागले. पंख्याची घरघर, भांड्यांचा आवाज, पेपरच्या पानांची सळसळ, सगळंच अंगावर आलं. तपासणाऱ्या ताईंनी हे होणार असं आधीच सांगितलं होतं: सुरुवातीला रोज थोडा वेळ, शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलताना लावायचं आणि वेळ वाढवत न्यायचा. मेंदूला विसरलेले आवाज पुन्हा ओळखायला काही आठवडे लागतात. बरीच यंत्रं याच आठवड्यांत कपाटात जातात, म्हणून घरच्यांनी तेव्हाच सोबत राहावं. वडील पुढे नातीशी तास तास गप्पा मारत. ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ समितीने २०२० साली स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी जी कारणं मोजली, त्यांत श्रवणदोष होता, २०२४ च्या अहवालात उपचार न केलेल्या दृष्टिदोषाचीही भर पडली. तेव्हा कान आणि मोतीबिंदू दोन्हींकडे वेळेवर पाहावं.

५. पाळी जाणं हा आजार नाही, पण तो त्रास मुकाट्याने सोसायचाही नाही

आपल्याकडे बहुतेक बायकांची पाळी शेहेचाळीस-सत्तेचाळिशीच्या आसपास जाते. अंगातून वाफा निघणं, रात्री घामाने जाग येणं, चिडचिड, छातीत धडधड. नेमकी याच वयात मुलांची शिक्षणं, घरातल्या थोरांची आजारपणं आणि नोकरी यांची गर्दी असते, त्यामुळे बाईला काय होतंय हे विचारायला कुणाला सवड नसते, तिला स्वतःलाही. पाळी गेल्यावरच्या पहिल्या काही वर्षांत हाडं सर्वांत वेगाने झिजतात, म्हणून कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि वजन पेलणारा व्यायाम यांची खरी वेळ तीच. आणि एक गोष्ट प्रत्येकीने लक्षात ठेवावी: पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसलं, एक थेंब का असेना, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचं. त्यात लाजण्यासारखं काही नाही आणि वाट पाहण्यासारखंही नाही.

६. ज्याबद्दल कुणी बोलत नाही त्यावर बहुधा इलाज असतो

खोकला आला, शिंक आली, जोरात हसलं की लघवीचे थेंब गळणं हे पन्नाशीपुढच्या कितीतरी बायकांना होतं. त्यापायी त्या एसटीचा लांबचा प्रवास टाळतात, भजनी मंडळात मागे दाराशी बसतात, पाणी पिणं कमी करतात. पाणी तोडल्याने त्रास वाढतोच. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो, ते पाच सेकंद आवळून तेवढाच वेळ सैल सोडायचे, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी १९४८ साली हा व्यायाम मांडला. तीनेक महिने नेटाने केला तर अनेकींना फरक पडतो. पुरुषांचंही तसंच. रात्री चार-पाचदा उठावं लागतं, धार बारीक झाली आहे, तर प्रोस्टेट तपासून घ्यावं.

७. अचानक आलेला बदल वयाचा नसतो

म्हातारपण सावकाश येतं. कालपर्यंत नीट बोलणारं माणूस आज असंबद्ध बोलू लागलं, ओळखेनासं झालं, तर त्याला ‘भ्रम झाला’ म्हणून पलंगावर झोपवून ठेवू नये. सोडियम कमी झालेलं असतं, लघवीचा जंतुसंसर्ग असतो, नवीन गोळी बाधलेली असते, कधी पक्षाघातही असतो. यांतलं कुठलंही तासांच्या हिशेबाने पाहायचं आहे. वयाबरोबर तहानेची जाणीवही मंदावते, त्यामुळे उन्हाळ्यात म्हातारी माणसं तहान लागली म्हणून सांगतच नाहीत. पाणी समोर नेऊन द्यावं लागतं.

सावकाश वाढणारी काही दुखणीही वयाचा वेश घेऊन येतात. माझ्या आत्याला सतत थंडी वाजे, पोट साफ होत नसे, दिवसभर सुस्ती. थायरॉईडची साधी रक्ततपासणी झाली, रोजची एक गोळी सुरू झाली आणि ती पुन्हा बागेत दिसू लागली. तळपायांना मुंग्या, तोल जाणं, विसर पडणं यांमागे बी-१२ ची कमतरता असू शकते. शाकाहारी घरांत आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ती बरीच आढळते.

८. आरशाचं दुःख खरं असतं

त्याला कुणी हसू नये. गळ्याची सैल कातडी, विरळ भांग पाहून मन खट्टू होतं. मीही काही दिवस फोटोत मागे उभी राहिले. मग लेकीच्या लग्नात पुढे आले.

९. परावलंबनाची भीती बोलून दाखवावी

“हातपाय चालतायत तोवर देवाने न्यावं” हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. त्यातली भीती मरणाची नसते, कुणावर भार होण्याची असते. मला या वाक्यात दुःख दिसतं, कारण ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची अंगं पुसली त्यांनाच कुणी आपलं अंग पुसण्याची लाज वाटते. सासूबाईंशी मी हे उघड बोलले. त्यांना काय चालेल, काय नको, अंघोळीला कोण हवं, दवाखान्याचे निर्णय कुणी घ्यायचे, हे त्यांनीच ठरवलं. ठरवण्याचा हक्क आपल्याकडे आहे म्हटल्यावर त्यांच्या मनावरचं ओझं उतरलं. न्हाणीघरात पकडायला दांडी बसवली, पलंगाशी रात्रीचा दिवा लावला, पायपुसणी काढून टाकली. हे सगळं त्या पडण्याआधीही करता येतं.

तुमच्या घरात कुणी ‘वयाचंच आहे’ म्हणत काही सोसत असेल, तर या आठवड्यात त्यांच्याजवळ बसून नेमकं काय होतंय ते विचारा आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा. पैशांची अडचण असेल तर सत्तरी पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत रुग्णालयातल्या उपचारांसाठी वर्षाला कुटुंबामागे पाच लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. आणि कुठे विचारावं हे सुचत नसेल तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक १४५६७ आहे.