जुने इंजिन, योग्य रूळ

ग्वाल्हेरच्या जयविलास महालातील जेवणाच्या टेबलावरची चांदीची आगगाडी आपण जाणताच. आज आम्ही आणखी एका छोट्या गाडीचा धडा घेत आहोत.

१९३८ साली लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने 'हॉर्नबी डब्लो' गाड्या काढल्या. प्रमाण १:७६, रुळांतील अंतर १६.५ मि.मी., वीज १२ व्होल्ट डी.सी. त्यांचे रूळ तीन. मधल्या रुळातून वीज इंजिनात येते व चाकांवाटे बाहेरच्या रुळांत परत जाते.

आजच्या मॉडेलचे रूळ दोनच, एक धन व एक ऋण. अंतर तेच, म्हणून जुने इंजिन त्यावर बसते. पण त्याची चाके व आस अखंड धातूची असल्याने दोन्ही रूळ जोडले जाऊन शॉर्ट सर्किट होते. म्हणून :

१. तीन रुळांचाच मार्ग घ्यावा.
२. रूळ व चाके कोरड्या कापडाने पुसावीत.
३. आसाला तेलाचा एकच थेंब द्यावा.
४. १२ व्होल्टचाच कंट्रोलर वापरावा. घरातील २३० व्होल्ट थेट जोडणे जिवावर बेतेल.
५. वेग हळूहळू वाढवावा. जळका वास येताच बंद करावे.

पालकांना विनंती, माळ्यावरचे जुने खेळणे भंगारात देण्यापूर्वी मुलांबरोबर एकदा तपासावे. दोष कित्येकदा इंजिनात नसतो, रुळात असतो.

प्रश्न : इंजिन उलट दिशेने चालवण्यासाठी काय बदलाल?