भाचीचे तीन आठवडे आणि चौकातली मुलं

प्रश्न : माझी भाची इंग्लंडमध्ये लेस्टरला वाढली. कॉलेज सुरू होण्याआधी तीन आठवडे आपल्या शहरात येऊन रस्त्यावरच्या मुलांसाठी काम करावं, असं तिच्या मनात आहे. तिथली एक कंपनी ही सोय करून देते, पण पैसे बरेच मागते. क्रांती चौकात फुगे विकणारी मुलं मी रोज बघते. तिने सरळ त्यांनाच शिकवलं तर?
— एक वाचक, सिडको, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : ताई, तिला जरूर बोलवा. पण कंपनीला पैसे देण्याची घाई करू नका आणि चौकात वर्गही भरवू नका.

चौकातली सगळी मुलं एका परिस्थितीतली नसतात. काही आईबापांसोबत उघड्यावर राहतात, काही दिवसभर विक्री करून संध्याकाळी वस्तीतल्या घरी जातात, आणि काही अगदी एकटी असतात. घर सोडून गाडीत बसलेली, स्टेशनवर उतरलेली. एकटं मूल दिसलं तर १०९८ या बालमदत क्रमांकावर फोन करायचा. २०१५च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे, प्रवासाचा वेळ वगळून, २४ तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. घरच्यांचा शोध घ्यायचा की निवाऱ्याची सोय करायची, हे समिती ठरवते. आपण खाऊ देऊन, गप्पा मारून निघून आलो तर नेमके हेच मोलाचे तास वाया जातात. एकट्या मुलाला हेरणारे लोकही तिथेच फिरत असतात.

फुगे विकणाऱ्या मुलांना हवी असते रोजची शाळा. ती कशी उभी राहते हे ठाण्यात पाहावं. तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ साली समर्थ भारत व्यासपीठाने महापालिकेच्या मदतीने कंटेनरमध्ये ‘सिग्नल शाळा’ सुरू केली. तिथल्या कित्येक मुलांची कुटुंबं दुष्काळामुळे आपल्याच मराठवाड्यातून गेलेली. मुलांची अंघोळ, जेवण, अभ्यास, सगळं तिथेच, आणि तेही रोज. पुढे तिथली मुलं दहावी उत्तीर्ण झाली. तीन आठवड्यांत त्यांतल्या एखाद्या मुलाचा शाळेबद्दलचा बुजरेपणाही जाणार नाही.

ती कंपनी भाचीला बालगृहात पाठवणार असेल, तर माझं मत आणखी ठाम आहे. एकदा आपल्या माणसांना मुकलेलं मूल नव्या ताईला पटकन बिलगतं. ती रडत रडत निरोप घेते, पुढच्या महिन्यात दुसरी येते. या ताटातुटीची किंमत मूल मोजतं. कंबोडिया आणि नेपाळमध्ये परदेशी पाहुण्यांच्या पैशावर अनाथालयं वाढत गेली, आणि त्यांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात होते. घरातली मुलं पाहुण्यांसाठी घराबाहेर आणली गेली. २०१९मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनेही आपल्या ठरावात अशा अनाथालय-पर्यटनाच्या घातक परिणामांची दखल घेतली. म्हणून त्या कंपनीला स्पष्ट विचारा : पैशांतला किती भाग संस्थेला मिळतो? संस्थेची बाल न्याय कायद्याखाली नोंदणी आहे का? भाचीची पोलीस पडताळणी होणार का? पडताळणीशिवाय कुणालाही मुलांत सोडणारी संस्था असेल, तर तिच्या दारातही जाऊ नये.

मग भाचीने करायचं काय? मुलांसोबत वर्षानुवर्षं राहणाऱ्या माणसांचे हात तिने बळकट करावेत. अहिल्यानगरचं स्नेहालय आपल्यापासून फार लांब नाही. गिरीश कुलकर्णी यांनी १९८९मध्ये सुरू केलेल्या या संस्थेत परदेशी स्वयंसेवक येत आले आहेत. तिथे आधी पत्र लिहून त्यांना कसली मदत हवी आहे ते विचारावं. कार्यकर्त्यांना इंग्रजी बोलायला शिकवणं, देणगीदारांसाठी अहवाल लिहून देणं, हिशेब संगणकावर नीट लावून देणं ही कामं तीन आठवड्यांत होतात आणि भाची परत गेल्यावरही लेस्टरहून चालू राहू शकतात. डेव्हिड मेडमंट हे ब्रिटिश रेल्वेतले अधिकारी. चर्चगेट स्टेशनवर स्वतःला चाबकाचे फटके मारत भीक मागणारी एक चिमुरडी त्यांना दिसली. मायदेशी जाऊन त्यांनी १९९५मध्ये ‘रेल्वे चिल्ड्रेन’ ही संस्था काढली, आणि इथलं काम तिने इथल्या संस्थांना सोबत घेऊन केलं. भाचीला त्यांच्याबद्दल नक्की सांगा.

ब्रिटिश पासपोर्ट असेल तर पर्यटक व्हिसावर बिनमोबदल्याचं स्वयंसेवी काम फार तर एक महिना करता येतं. तरी निघण्यापूर्वी नियम एकदा तपासून घ्या. ती देणगी देणार असेल, तर विदेशी देणगी घेण्याची नोंदणी असलेल्या संस्थेलाच द्यावी. आणि मुलांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकू नयेत. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड केली, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

आता तुमच्याविषयी, कारण क्रांती चौकातून रोज तुम्ही जाता. फुगे विकणाऱ्या एखाद्या आईशी ओळख वाढवा. जन्मदाखला नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, हे २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे. पण तिला ते कुणी सांगितलेलं नसतं आणि शाळेच्या ऑफिसात एकटीने जायला ती बिचकते. तिच्यासोबत महापालिकेच्या शाळेत जा, अर्ज भरून द्या, आणि नाव दाखल झाल्यावरही मूल वर्गात येतंय ना, याची चौकशी वर्षभर करत राहा.