घरगुती सुगंधी जल : कृती, काळजी आणि कायदा

लग्नमंडपाच्या दारात पाहुण्यांवर गुलाबदाणीतून गुलाबजल शिंपडावे, उन्हाळ्यात माठाच्या पाण्यात वाळ्याची जुडी सोडावी, दाढी आटोपल्यावर न्हाव्याने तुरटीचा ओला खडा गालावरून फिरवावा, या गोष्टी महाराष्ट्रातील लहानथोरांच्या परिचयाच्या आहेत. बाजारात आफ्टरशेव्ह लोशन, टॉयलेट वॉटर अशा नावांनी मिळणाऱ्या बाटल्यांतील पुष्कळशी कामे याच तीन परिचित वस्तू करू शकतात. त्यामुळे असे पाणी घरी तयार करण्याची हौस अनेकांना असते, आणि त्यातून जोडधंदा उभारावा असा विचार महिला बचत गटांतूनही पुढे येतो. हा विचार स्वागतार्ह आहे. मात्र या हौसेत एक गंभीर धोका दडलेला आहे. तो म्हणजे सुगंध टिकावा आणि दाढीनंतर झणझणी यावी म्हणून दुकानातून आणलेले कोणतेही स्पिरिट त्यात मिसळण्याचा. हा धोका टाळून, स्पिरिटाशिवाय उत्तम सुगंधी जल कसे तयार करता येते, याची माहिती करून घेणे उपयुक्त ठरेल.

दोन परंपरा

सुगंधी द्रव्ये तयार करण्याचे शास्त्र आपल्याकडे फार जुने आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त गंधयुक्तीवर स्वतंत्र अध्याय आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात स्नान आणि विलेपन यांचे सविस्तर वर्णन आढळते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील विद्वान परशुराम कृष्ण गोडे यांनी 'गंधवाद' या संस्कृत ग्रंथाच्या हस्तलिखिताचा अभ्यास केला. त्या ग्रंथावर जुनी मराठी टीका आहे, ही बाब मराठी वाचकांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची होय. सुगंधनिर्मितीची चर्चा मराठीतून होत होती याचा तो पुरावा आहे.

उत्तर प्रदेशातील कनौज येथे अत्तर व गुलाबजल गाळण्याची जुनी पद्धत आजही चालू आहे. तांब्याच्या 'देग'मध्ये फुले व पाणी घालून झाकण मातीने लिंपतात. बांबूच्या नळीवाटे वाफ 'भपका' नावाच्या भांड्यात जाते आणि गार पाण्यात बसविलेल्या त्या भांड्यात ती निवते. या पद्धतीत सुगंधाचे वाहन पाणी असते. अत्तरासाठी भपक्यात आधीच चंदनाचे तेल ठेवलेले असते.

युरोपातील पद्धत निराळी आहे. जोहान मारिया फरीना हा इटालियन गृहस्थ जर्मनीतील कोलोन शहरात व्यवसाय करीत असे. लिंबू, संत्रे, बर्गमॉट इत्यादी फळांच्या सालींची तेले शुद्ध मद्यार्कात मिसळून त्याने तयार केलेले पाणी त्या शहराच्या नावाने जगभर गेले. आपल्याकडील 'कोलनवॉटर' ते हेच. तापात कपाळावर त्याची पट्टी ठेवण्याचा प्रघात अनेक घरांत होता. मद्यार्क लवकर उडून जातो व जाताना त्वचेतील उष्णता घेतो, म्हणून गारवा वाटतो. सुगंधी तेल पाण्यात विरघळत नाही, मद्यार्कात विरघळते, हे त्याच्या वापराचे दुसरे कारण होय. घरगुती कामासाठी मात्र पहिली, म्हणजे पाण्याची पद्धतच योग्य आहे.

गुलाबजलाची कृती

यासाठी गावठी, दाट सुवासाचा गुलाब घ्यावा. पुष्पगुच्छातील लांब देठाच्या फुलांना सुवास जेमतेम असतो आणि त्यांवर कीटकनाशके फवारलेली असण्याचा संभव असतो. देवळातील निर्माल्यही या कामासाठी घेऊ नये. त्यात कुंकू, गुलाल व इतर द्रव्ये मिसळलेली असतात. फुले सकाळी लवकर खुडावीत, कारण ऊन चढल्यावर सुवास उडून जातो.

पाव किलो पाकळ्या हलक्या हाताने धुवून स्टीलच्या मोठ्या पातेल्यात घालाव्यात व सुमारे एक लिटर स्वच्छ पाणी ओतावे. पातेल्याच्या मध्यभागी उंच तिवई ठेवून तिच्यावर रिकामी वाटी ठेवावी. पातेल्यावर खोलगट झाकण उलटे ठेवावे, म्हणजे त्याचा मधला फुगीर भाग बरोबर वाटीवर येईल. झाकणाच्या वरच्या खळग्यात गार पाणी किंवा बर्फ घालून मंद आच द्यावी. वाफ झाकणाला लागून निवते आणि थेंबाथेंबाने वाटीत पडते. झाकणावरील पाणी तापले की ते बदलावे. पाव लिटर पाणी जमले की आच बंद करावी. पुढे मिळणाऱ्या पाण्याचा सुवास उतरत जातो आणि पातेले कोरडे पडल्यास करपट वास लागतो.

ही क्रिया कशी घडते, हे समजून घेण्याजोगे आहे. गुलाबातील सुगंधी द्रव्यांचे उत्कलनबिंदू पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा पुष्कळ वरचे असतात. तरीही पाण्याच्या वाफेबरोबर ती वर उचलली जातात. त्यांतील फेनिल इथिल अल्कोहोल हा घटक पाण्यात बऱ्यापैकी विरघळत असल्याने गुलाबाचा वास पाण्यातच राहतो. नावात 'अल्कोहोल' असले तरी हा घटक दारूतील मद्यार्काहून सर्वस्वी वेगळा आहे.

वाळ्याच्या धुतलेल्या मुळ्या बारीक कापून रात्रभर भिजत घालाव्यात व याच रीतीने गाळाव्यात. वाळ्याचे तेल जड असून वाफेबरोबर सावकाश येते. म्हणून घरगुती वाळाजलाचा सुवास सौम्य असतो. जाई, चमेली यांसारख्या नाजूक फुलांना आच मानवत नाही. त्यांचा सुवास तिळांत मुरवून, मग ते तीळ घाण्यावर गाळून सुगंधी तेल काढण्याची जुनी रीत आहे.

दाढीनंतरचे पाणी

दाढी करताना पात्याने केसांबरोबर त्वचेचा सर्वांत वरचा पातळ थरही खरवडला जातो. त्यामुळे आग होते, बारीक चिरा पडतात आणि त्वचा कोरडी होते. अशा वेळी रक्त थांबविणारे, ओलावा टिकविणारे आणि गारवा देणारे असे काही हवे असते. तुरटी त्वचा आकसविते, ग्लिसरीन ओलावा धरून ठेवते आणि गुलाबजल गारवा व सुवास देते.

शंभर मिलिलिटर गुलाबजलात किंवा वाळाजलात तुरटीची बारीक पूड सपाट पाव चमचा, म्हणजे सुमारे एक ग्रॅम, पूर्ण विरघळवावी. त्यात औषधांच्या दुकानातील शुद्ध ग्लिसरीन एक चहाचा चमचा मिसळून पाणी मलमलीतून गाळावे. उकळून वाळविलेल्या काचेच्या बाटलीत ते भरावे आणि बाटलीवर तयार केल्याची तारीख लिहावी. अशा पाण्यात टिकाऊपणासाठी कोणतेही द्रव्य नसल्याने ते फ्रीजमध्ये ठेवून तीन ते चार आठवड्यांत संपवावे. बाहेर ठेवल्यास आठवड्याच्या आत. पाणी गढूळ दिसले किंवा वास बदलला तर टाकून द्यावे.

काही पथ्ये अवश्य पाळावीत. प्रथम कोपराच्या आतील बाजूस थोडे पाणी लावून एक दिवस वाट पाहावी आणि पुरळ वा खाज न आल्यासच चेहऱ्यास लावावे. घरी केलेले गुलाबजल निर्जंतुक नसते, म्हणून ते डोळ्यांत कधीही घालू नये. सुगंधी तेलाचे थेंब नुसत्या पाण्यात टाकू नयेत. ते वर तरंगते आणि त्वचेवर निर्भेळ लागून दाह करते. लिंबाचा रसही मिसळू नये. लिंबाच्या व बर्गमॉटच्या सालीतील काही द्रव्यांमुळे, ऊन लागल्यावर त्वचेवर फोड व काळे डाग येतात. केशकर्तनालयात एकच तुरटीचा खडा अनेकांच्या चेहऱ्यावर फिरविणे धोक्याचे आहे. रक्तातून पसरणाऱ्या 'ब' प्रकारच्या काविळीसारख्या रोगाचा संसर्ग त्यातून होऊ शकतो. अशा ठिकाणी तुरटीचे पाणी प्रत्येकासाठी स्वच्छ कापसावर घेऊन लावणे इष्ट होय.

स्पिरिट नकोच

रंग व पॉलिशच्या दुकानात मिळणारे स्पिरिट हे त्वचेसाठी नसते. पिण्यास अयोग्य व्हावे म्हणून त्यात विषारी द्रव्ये मिसळलेली असतात आणि त्यांत मिथेनॉल असू शकते. मिथेनॉल रंगाने व वासाने साध्या मद्यार्कासारखेच असल्यामुळे ते ओळखता येत नाही. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल बनते. ते दृष्टिमज्जेला इजा करते व अंधत्व किंवा मृत्यू ओढवू शकते. मिथेनॉल त्वचेतून आणि श्वासावाटेही शरीरात जाते. जून 2015 मध्ये मुंबईतील मालवणी येथे मिथेनॉलमिश्रित दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. ती माणसे दारू पिऊन दगावली हे खरे. परंतु तेच विष घरातील सुवासिक बाटलीत असेल आणि ती लहान मुलाच्या हाती लागली, तर काय होईल याचा विचार प्रत्येकाने करावा.

कायदा काय सांगतो

सुगंधी पाणी आणि दारूबंदी यांचा संबंध आपल्या राज्यात जुना आहे. मुंबई दारूबंदी अधिनियम, 1949 विरुद्ध एफ. एन. बलसारा यांनी केलेल्या अर्जात कोलनवॉटर व लॅव्हेंडर वॉटर वापरण्याच्या हक्काचाही उल्लेख होता. मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने यांना लागू होणाऱ्या मर्यादेपुरती त्या अधिनियमाची बंदी सर्वोच्च न्यायालयाने 1951 मध्ये अवैध ठरविली. अधिनियम मात्र कायम राहिला. गूळ, फळे वा फुले आंबवून मद्यार्क गाळणे हा गुन्हा आहे, मग हेतू सुगंधाचा असला तरीही. फुले ताज्या पाण्यात उकळून वाफ निवविण्यात मद्यार्क तयार होत नाही, हा फरक ग्रामस्थांना नीट समजावून सांगितला पाहिजे.

घरच्या वापरासाठी गुलाबजल करण्यास परवाना लागत नाही. विक्रीसाठी प्रसाधन तयार करावयाचे झाल्यास औषधे व प्रसाधने अधिनियम, 1940 आणि प्रसाधने नियम, 2020 लागू होतात व अन्न व औषध प्रशासनाकडून परवाना घ्यावा लागतो. बाटलीवर उत्पादकाचे नाव व पत्ता, घटक, बॅच क्रमांक आणि वापरण्याची अंतिम मुदत छापावी लागते. बचत गटांनी यंत्रसामग्री खरेदी करण्यापूर्वीच ही चौकशी करावी. कनौज येथे 1991 मध्ये स्थापन झालेले सुगंध व सुरस विकास केंद्र आणि लखनौ येथील केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्था या क्षेत्रात काम करीत आहेत.

गावपातळीवर

शिक्षकांना ऊर्ध्वपातनाचा पाठ याच पातेल्याच्या साह्याने शिकविता येईल. वाटीत पडणारा सुवासिक थेंब मुलांच्या दीर्घकाळ स्मरणात राहील. आच हाताळण्याचे काम मात्र शिक्षकांनी स्वतः करावे. पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत स्पिरिटाच्या धोक्याची माहिती द्यावी, नाभिक बांधवांना तुरटीच्या स्वच्छ वापराचे महत्त्व पटवावे आणि बचत गटाने अर्ज करण्याचे ठरविल्यास त्यास साह्य करावे. शाळेच्या आवारात गावठी गुलाबाची दहा रोपे आणि सांडपाण्याच्या चरालगत वाळ्याची एक रांग लावली, तर वाळ्याची मुळे माती धरून ठेवतील आणि गुलाब पुढील पाठासाठी फुले देतील. फुले, पाणी आणि तुरटी एवढ्यावर हे काम भागते. त्यात स्पिरिटाला जागा नाही, एवढी एक गोष्ट घरोघरी पोहोचली तरी पुष्कळ साधेल.